इंटरनेटला मालक नाही? सर्व्हरांच्या देवाणघेवाणीचा विसरलेला करार

१/
४ ऑक्टोबर २०२१. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सॲपवरचे निरोप जागच्या जागी थांबले. फेसबुक उघडेना, इन्स्टाग्राम उघडेना. अनेकांनी आधी आपल्याच फोनला दोष दिला, वायफाय बंद करून पुन्हा चालू केले. सुमारे सहा तास, म्हणजे भारतात पार पहाटेपर्यंत, जगातील कोट्यवधी माणसांचा संवाद खंडित राहिला.

२/
त्याच रात्री ईमेल मात्र नेहमीसारखा ये-जा करत होता. समुद्राखालच्या तारा त्याच, मनोरे तेच, हातातले फोनही तेच. एक व्यवस्था कोलमडली आणि तिच्या शेजारची उभी राहिली. या फरकाचे कारण केवळ यंत्रांत शोधल्यास हाती लागत नाही. ते इतिहासात आहे.

३/
इंटरनेटविषयी दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. पहिले : ‘इंटरनेटला मालक नाही.’ दुसरे : ‘दोन-चार कंपन्यांची मक्तेदारी अटळच होती.’ वरवर ही वाक्ये परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ एकाच गैरसमजात आहे. पाऊस किंवा भरती-ओहोटी यांसारखी इंटरनेट ही नैसर्गिक घटना आहे, असे दोन्ही वाक्ये गृहीत धरतात.

४/
या धाग्याचे प्रतिपादन असे : सर्व्हरांमधील देवाणघेवाण हा करार असतो. तो माणसांनी केला, तारीखवार केला. काही ठिकाणी तो माणसांनीच मोडला, तोही तारीखवार. जे करून मोडले गेले ते पुन्हा मागता येते. म्हणूनच हा इतिहास केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.

५/
आधी व्याख्या. सर्व्हर ही यंत्राची जात नव्हे, ती भूमिका आहे. जो विचारतो तो ग्राहक, जो उत्तर देतो तो सर्व्हर. एखादा सर्व्हर नावावरून पत्ता सांगतो, एखादा पत्रे पोहोचवतो, एखादा लेख पसरवतो, एखादा पाने वाढतो. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत. याच्याकडे कोण मागणी करू शकतो? आणि हा दुसऱ्या मालकाच्या सर्व्हरशी बोलतो का? खरे राजकारण दुसऱ्या प्रश्नात आहे.

६/
पहिला प्रकार : नेमसर्व्हर. अर्पानेटच्या काळात जाळ्यातील सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियातील एसआरआय या संशोधन संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली सांभाळली जाई. नवा संगणक जोडायचा तर तेथे कळवायचे. मग बाकीच्यांनी ती सुधारित फाइल उतरवून घ्यायची. गावच्या पाटलाच्या दप्तरासारखी ही रीत. गाव वाढले तसे दप्तर अपुरे पडले.

७/
१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी योजना मांडली. ती ज्या दस्तऐवजांतून आली त्या मालिकेचे नाव आरएफसी, म्हणजे शब्दशः ‘अभिप्रायांसाठी विनंती’. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंटरनेटचे नियम फर्मान म्हणून निघाले नाहीत, ते अभिप्राय मागवणारे टिपण म्हणून निघाले.

८/
योजनेचे मर्म असे की संपूर्ण यादी कोणाकडेच नसते. पुण्यातील एखाद्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडायचे झाल्यास आधी मूळ सर्व्हरला विचारले जाते. तो पत्ता सांगत नाही; ‘डॉट इन’चा कारभार कोणाकडे आहे तेवढे सांगतो. तो पुढचा सर्व्हर महाविद्यालयाच्या नेमसर्व्हरकडे बोट दाखवतो, आणि पत्ता अखेर तेथे मिळतो. मिळालेले उत्तर काही काळ जवळ जपून ठेवले जाते, म्हणून दर वेळी मुळापर्यंत जावे लागत नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते जाणावे आणि पुढचे कोणाला विचारायचे ते प्रामाणिकपणे सांगावे, एवढ्यावर हे सारे चालते.

९/
मूळ सर्व्हरांची नावे तेरा. त्या काळी उत्तराच्या पुडक्याला ५१२ बाइटांची मर्यादा होती आणि तेवढ्यात ही तेराच नावे मावत होती. आज त्या तेरा नावांमागे जगभर विखुरलेली हजाराहून अधिक यंत्रे आहेत. ती बारा संस्था चालवतात. त्यांत अमेरिकी लष्कराचे विभाग आहेत, विद्यापीठे आहेत, खाजगी कंपन्या आहेत, तसेच स्वीडन, नेदरलँड्स आणि जपानमधील संस्थाही आहेत.

१०/
मग मालक कोण? हा प्रश्न एकदा उघडपणे विचारला गेला. जानेवारी १९९८ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मूळ सर्व्हरांच्या चालकांना ईमेल पाठवला. मूळ यादी अमेरिकी सरकारच्या कंत्राटदार कंपनीकडून न घेता आपल्या संगणकावरून घ्यावी, असे त्यात म्हटले होते. बारापैकी आठ चालकांनी ते मानले. पोस्टेल यांच्याकडे ना लष्कर होते ना भांडवल. त्यांच्यापाशी होता तो तीन दशकांचा विश्वास.

११/
अमेरिकी सरकारने दटावल्यावर पोस्टेल यांनी सारे पूर्ववत केले आणि ही केवळ चाचणी होती असे सांगितले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली. पोस्टेल १६ ऑक्टोबरला निवर्तले. नावांच्या या कारभारावरील अमेरिकी सरकारचे कंत्राटी नियंत्रण संपायला २०१६चा ऑक्टोबर उजाडावा लागला. ‘मालक नाही’ म्हणणाऱ्यांनी हे अठरा वर्षांचे अंतर ध्यानात घ्यावे. मालकी होती. ती वाटाघाटींनी सैल करावी लागली.

१२/
दुसरा प्रकार : मेल सर्व्हर. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवले आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह बसवले. १९८२ मध्ये पोस्टेल यांनीच पत्रांच्या देवाणघेवाणीची नियमावली लिहिली. एसएमटीपी हे तिचे नाव. ती आजही चालू आहे.

१३/
तिचे काम पाहण्याजोगे आहे. पाठवणारा सर्व्हर आधी नेमसर्व्हरला विचारतो की या पत्त्याची पत्रे कोण स्वीकारतो. मग त्या अनोळखी सर्व्हरचे दार ठोठावून स्वतःची ओळख सांगतो. पत्र कोणाकडून, कोणासाठी, हे कळवतो आणि मजकूर देतो. समोरच्याने ‘२५०’ हा आकडा उच्चारला की पत्र स्वीकारले गेले. त्या क्षणी जबाबदारी हस्तांतरित होते. पत्र पोहोचवणे किंवा ते पोहोचले नाही असे कळवणे, हे आता स्वीकारणाऱ्याचे कर्तव्य.

१४/
समोरचा सर्व्हर बंद असेल तर? पाठवणारा पत्र फेकून देत नाही. ते रांगेत ठेवतो आणि काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. दोन सर्व्हरांचे मालक एकमेकांचे स्पर्धक असोत, त्यांच्या देशांत वैर असो. त्यांनी परस्परांशी कोणताही लेखी व्यवहार केलेला नसतो. नियमावली पाळणे हीच ओळख आणि हाच परवाना.

१५/
भारत या व्यवस्थेत शिरला तो याच दाराने. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने अर्नेट प्रकल्प उभा राहिला. मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये साध्या दूरध्वनीवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. लाइन मिळेपर्यंत पत्रे साठवायची, मिळाली की एकदम द्यायची आणि घ्यायची.

१६/
येथे एक गोष्ट निसटून जाऊ नये. पवईचा तो सर्व्हर दुबळा होता आणि त्याची दूरध्वनी लाइन खरखरत होती. तरी दर्जाने तो अमेरिकेतल्या कोणत्याही सर्व्हरच्या बरोबरीचा होता, कारण नियमावली दोघांनाही एकच होती. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याआधीची जवळपास दहा वर्षे संशोधकांचे हे जाळे साठवा-आणि-पुढे-द्या या बरोबरीच्या तत्त्वावर चालत आले होते.

१७/
तिसरा प्रकार आज विस्मरणात गेला आहे : न्यूज सर्व्हर. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना मांडली. येथे मध्यवर्ती सर्व्हरच नव्हता. प्रत्येक सर्व्हर शेजाऱ्याला विचारी, ‘या क्रमांकाचा लेख तुझ्याकडे आहे का?’ नसेल तर देई. शेजारी त्याच्या शेजाऱ्याला देई. वाडीत बातमी पसरावी तसा लेख जगभर पसरे, आणि क्रमांकामुळे तो पुन्हा पुन्हा फिरत राहत नसे.

१८/
१९९०च्या दशकात याच यूजनेटवर ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट होता. तेथे मराठी लिहिली जाई ती प्रामुख्याने रोमन अक्षरांत. परदेशातील मराठी माणसांचे ते गप्पांचे ठिकाण कोणत्याही एका कंपनीच्या यंत्रावर नव्हते. एक सर्व्हर बंद पडला तरी तोच लेख दुसऱ्यावर वाचता येई.

१९/
या मोकळेपणाची किंमतही याच यूजनेटने मोजली. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील दोन वकिलांनी ग्रीन कार्डविषयीची आपली जाहिरात हजारो गटांत एकाच वेळी टाकली. ज्या दाराने कोणीही येऊ शकतो त्या दाराने भामटाही येतो. हा आक्षेप खरा आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

२०/
चौथा प्रकार : वेब सर्व्हर. १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी प्रस्ताव मांडला आणि पुढच्याच वर्षी पहिला वेब सर्व्हर चालू झाला. एका काळ्या नेक्स्ट संगणकावर तो चालत असे. हे यंत्र बंद करू नये, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्याला चिकटवलेली होती.

२१/
वेब सर्व्हरचा स्वभाव मेल सर्व्हरहून निराळा आहे. पाने वाढण्यासाठी त्याला दुसऱ्या सर्व्हरशी बोलावे लागत नाही. ब्राउझर मागतो, तो देतो आणि विसरतो. सर्व्हरांमधील नाते राहते ते केवळ दुव्याच्या रूपाने. कोणीही कोणाच्याही पानाचा दुवा, न विचारता, देऊ शकतो. १९९३ साली हे पुरेसे वाटले. पुढचा सारा घोळ या एकाच वैशिष्ट्यातून निघाला.

२२/
वेब जिंकले ते केवळ श्रेष्ठ तंत्र होते म्हणून, असे समजणाऱ्यांनी गोफर आठवावे. मिनेसोटा विद्यापीठात १९९१ मध्ये जन्मलेली ही व्यवस्था सुरुवातीला वेबपेक्षा लोकप्रिय होती. १९९३च्या वसंतात विद्यापीठाने काही वापरकर्त्यांकडून परवाना शुल्क घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने वेबची मूळ संगणकप्रणाली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. लोक गोफर सोडून वेबकडे वळले, त्यात या दोन निर्णयांचा वाटा मोठा होता. हे निर्णय यंत्रांनी घेतले नव्हते.

२३/
वेब सर्व्हरचा विसराळूपणा व्यापाराला गैरसोयीचा होता. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी कुकी आणली. सर्व्हर ब्राउझरजवळ एक छोटी खूणचिठ्ठी ठेवू लागला आणि पुढच्या भेटीत माणूस ओळखू लागला. ओळखीचे खाते झाले. खात्यात मित्रयादी, छायाचित्रे आणि निरोप साठले. ज्या सर्व्हरला दुसऱ्याशी बोलण्याची गरजच नव्हती त्याच्याकडे आता लोकांचा संसार जमा झाला.

२४/
ज्याच्याकडे संसार जमा होतो त्याला दार बंद करण्याचा मोह होतो. हा दोष एखाद्या कंपनीच्या स्वभावाचा नाही, तो रचनेचा आहे. मेल सर्व्हर दार बंद करील तर त्याच्या ग्राहकांना बाहेरची पत्रेच मिळणार नाहीत. सामाजिक माध्यमाचा सर्व्हर दार बंद करतो तेव्हा उलट बाहेरच्यांना आत यावे लागते.

२५/
निरोपांसाठी मेलसारखी खुली व्यवस्था शक्यच नव्हती का? होती, आणि ती चालूही होती. १९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी जॅबर जाहीर केले. त्यातून एक्सएमपीपी ही नियमावली घडली. तिच्यात निरनिराळ्या मालकांचे सर्व्हर परस्परांना तत्काळ निरोप देऊ शकतात. गूगल टॉकने २००५ मध्ये ती स्वीकारली आणि २००६च्या जानेवारीत आपले दार इतर सर्व्हरांसाठी उघडले. २०१३ मध्ये त्याची जागा हँगआउट्सने घेतली. नव्या घराला ते दार ठेवले नाही.

२६/
व्हॉट्सॲपची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिची निरोपव्यवस्था उभी राहिली तीच एक्सएमपीपीत फेरफार करून. म्हणजे ज्या भाषेचा जन्म परक्या सर्व्हरांशी बोलण्यासाठी झाला, ती भाषा एकाच घराच्या भिंतीआड बोलली जाऊ लागली. मक्तेदारी ‘अटळ’ होती म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. तंत्र हातात होते. दार मुद्दाम लावले गेले.

२७/
आता पुन्हा ४ ऑक्टोबरची रात्र. कंपनीने स्वतःच दिलेल्या खुलाशानुसार नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेमुळे तिच्या डेटा सेंटरांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. डेटा सेंटरांशी संपर्क नाही हे पाहून तिच्या नेमसर्व्हरांनी जगाला स्वतःकडे येण्याचा मार्ग सांगणे थांबवले. पत्ता सांगणाराच नाहीसा झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिघांचे घर एक असल्याने तिन्ही एकदम अदृश्य झाली.

२८/
हाच प्रकार एखाद्या ईमेल कंपनीच्या बाबतीत घडला असता तर तिचे ग्राहक अडकले असते, बाकीचे जग चालू राहिले असते. अडकलेल्यांची पत्रेही हरवली नसती. पाठवणाऱ्या सर्व्हरांनी ती रांगेत जपून ठेवली असती. १९८२च्या टिपणात लिहिलेले कर्तव्य २०२१ मध्येही पाळले गेले असते.

२९/
पहिला आक्षेप : मोकळ्या व्यवस्थेत कचरा फार. मान्य. नको असलेली जाहिरात ईमेलने १९७८ मध्येच, अर्पानेटवर, पाहिली. त्याचा परिणाम असा की आज बहुसंख्य पत्रे मोजक्या मोठ्या कंपन्यांमधून जातात आणि छोट्या सर्व्हरची प्रामाणिक पत्रेही अनेकदा कचऱ्याच्या खणात पडतात. ईमेल निष्कलंक नाही. पण भिंतीआडच्या व्हॉट्सॲपवर अफवा आणि फसवणुकीचे निरोप नाहीत, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? भिंतीने कचरा थांबला नाही, बाहेर पडण्याची वाट मात्र थांबली.

३०/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ईमेल दशकानुदशके उघड्या पोस्टकार्डासारखाच राहिला. एकाच कंपनीच्या हाती असल्याने व्हॉट्सॲपला २०१६ मध्ये एका फटक्यात शंभर कोटी लोकांचे निरोप कुलूपबंद करता आले. हे यश खरे आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण हे कुलूप फोनच्या दोन टोकांना लागते, मधल्या सर्व्हरला नव्हे. मधला सर्व्हर एकाच मालकाचा असला पाहिजे, असे त्या कुलुपाचे गणित सांगत नाही. कोण कोणाशी केव्हा बोलला ही नोंद अधिक सर्व्हरांना दिसेल, ही अडचण उरते. ती सोडवायची अडचण आहे. तिच्या नावाने दार कायमचे बंद ठेवणे ही पळवाट आहे.

३१/
तिसरा आक्षेप : लोकांनीच हे निवडले. ज्या घरातून एकट्याने बाहेर पडता येत नाही त्या घरात राहण्याला निवड म्हणायचे का? आई, वर्गमित्र, कार्यालय आणि सोसायटी ज्या गटांत आहेत ते सोडणे म्हणजे माणसेच सोडणे. मोबाइल कंपनी बदलताना क्रमांक सोबत नेता यावा, ही सोय भारतात २०११ पासून देशभर आहे. दुसऱ्या कंपनीचे सिम घेतले म्हणून आईला फोन लागत नाही, असे कोणाला सांगितले तर तो हसेल. निरोपांच्या बाबतीत मात्र हेच मुकाट्याने सोसले जाते.

३२/
मोबाइलची ही बरोबरी आपोआप आलेली नाही. निरनिराळ्या कंपन्यांची जाळी परस्परांना जोडलेली राहतील हे पाहण्याचे काम १९९७च्या कायद्याने ट्रायकडे सोपवले. २०१६ मध्ये जिओच्या ग्राहकांचे कॉल इतर जाळ्यांत जाताना अडू लागले, तेव्हा ट्रायने तीन कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. आवाज वाहून नेणाऱ्याने दुसऱ्याचा आवाज अडवू नये, हे तत्त्व भारतीय कायद्याला ठाऊक आहे. अक्षरांच्या बाबतीत त्याचा विसर पडला आहे.

३३/
हे तत्त्व इंटरनेटहून कितीतरी जुने आहे. एकोणिसाव्या शतकात परदेशी पाठवायच्या पत्रासाठी दर दोन देशांमागे वेगळा तह आणि वेगळे दर असत. १८७४ मध्ये बर्न येथे बावीस राष्ट्रांनी टपालाचा समान करार केला. हिंदुस्थान त्यात १८७६ मध्ये सामील झाला. एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाचा पोस्टमन घरी आणून देतो, यामागे त्या कराराची शाई आहे.

३४/
खुद्द भारतातील जाळ्यांचेही असेच आहे. एकाच शहरात दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी असलेल्या दोन घरांमधला ईमेल एके काळी अमेरिकेला वळसा घालून येऊ शकत असे, कारण त्या कंपन्या देशात परस्परांना भेटतच नसत. ही भेट घडवण्यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली. तारा होत्या. मधला करार नव्हता.

३५/
आणि ताजे उदाहरण पैशांचे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या मोबाइल पाकिटातील पैसे दुसरीच्या पाकिटात जात नसत. २०१६ मध्ये यूपीआय आले. आता एका बँकेचे खाते, दुसऱ्या कंपनीचे ॲप आणि तिसऱ्या बँकेचा भाजीवाला, तरी पैसे पोहोचतात. यूपीआय निर्दोष नाही. तिचा गाडा एका मध्यवर्ती संस्थेवर आहे आणि बहुतांश व्यवहार दोनच ॲपमधून होतात. तरीही ॲप बदलले म्हणून भाजीवाला तुटत नाही.

३६/
युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा केला की निरोपांच्या बड्या सेवांनी, मागणी झाल्यास, इतर सेवांशी देवाणघेवाण केली पाहिजे. मार्च २०२४ पासून हे बंधन लागू होऊ लागले. त्याची अंमलबजावणी संथ आहे, त्यात पळवाटा निघतील. पण ‘हे तंत्रदृष्ट्या शक्यच नाही’ हा युक्तिवाद त्या दिवशी संपला. उरतो तो ‘आम्हांला ते नको’ हा युक्तिवाद. तो निदान प्रामाणिक आहे.

३७/
‘क्लाउड’ या शब्दाने या विषयाचे फार नुकसान केले. ढगाला मालक नसतो, ढगाला दार नसते. प्रत्यक्षात हा ढग म्हणजे नवी मुंबईसारख्या ठिकाणच्या भक्कम इमारती. त्यांत यंत्रांच्या रांगा आहेत, त्यांना थंड ठेवणारी सामग्री आहे, वीज गेली तर चालणारी डिझेल जनित्रे आहेत आणि दाराशी पहारेकरी आहे. सर्व्हर हा जमिनीवर असतो. म्हणूनच तो कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो.

३८/
येथे पणाला काय लागले आहे? शाळेची सूचना गटावर, पाणी बंद असल्याची खबर गटावर, सोसायटीच्या सभेची नोटीस गटावर. जो त्या एका कंपनीचा ग्राहक नाही, तो हळूहळू नागरिक म्हणूनही वगळला जातो. जुन्या नोटीस फलकावर खडूने लिहिलेले वाचण्यासाठी कोणाच्या अटींवर अंगठा उठवावा लागत नसे.

३९/
तेव्हा मागणी अवाजवी नाही. सार्वजनिक संस्थेने जे कळवायचे ते कोणालाही खात्याविना उघडता येईल अशा पानावर आणि ईमेलवरही कळवावे. गट ही सोय असावी, अट नसावी. आणि कॉलसाठी जो परस्परजोडणीचा नियम आहे तो निरोपांसाठी कसा आणता येईल, याची चर्चा भारतीय कायद्याने सुरू करावी.

४०/
नावे कोणी सांगायची, पत्रे कोणी स्वीकारायची, पाने कोणाला मोफत द्यायची आणि निरोप कोणाचे अडवायचे, हे प्रत्येक वेळी माणसांनी ठरवले आहे. त्या निर्णयांच्या तारखा आहेत : १९८२, १९८३, १९९३, २००६, २०१३. पुढची तारीखही माणसेच ठरवणार. ती कंपन्यांच्या बैठकीत ठरावी की लोकांच्या आग्रहाने, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

(धागा समाप्त)